मांडव त्याचा, कर्णे माझे

लग्नात ज्याचा आवाज सगळ्यात मोठा, त्याच्याशी कुणी बोलत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. सत्तरच्या सुमाराला शेवगावच्या बाजारपेठेमागे एका खोलीत मी भाड्याने राहत होतो, आणि माझ्याकडे लाऊडस्पीकरचा सेट होता. एक अ‍ॅम्प्लिफायर, तबकड्या वाजवायचं यंत्र, माईक, दोन कर्णे आणि मोटारीची एक बॅटरी. ज्याला हवा त्याने न्यावा, सेटही आणि सेटबरोबर मलाही. लग्न, जावळ, यात्रा, कुस्त्यांचा फड, निवडणुकीचा प्रचार, कशालाही. आज ज्याला लोक कौतुकाने स्वतंत्र व्यवसाय म्हणतात तो हाच. त्यातलं स्वतंत्रपण मला पोटभर मिळालं. लग्नसराई संपली की दिवसच्या दिवस मी कुणाशी बोललेलो नसे, आणि चहाच्या दुकानात 'एक कटिंग' म्हणताना माझाच घसा मला अनोळखी वाटे.

गावात पोचलं की आधी झाड बघायचं. लिंबाच्या नाहीतर चिंचेच्या झाडावर चढून कर्णे बांधायचे, एक गावाकडे तोंड करून आणि एक शिवाराकडे. मग भिंतीच्या कडेला पोतं टाकून यंत्राजवळ बसायचं. तिथून उठायची सोय नव्हती. उठलं की पोरं बटणं पिरगाळत, शेळ्या वायर चघळत, आणि एखादा नवरदेवाचा मित्र माईकमध्ये फुंकर मारून बघे. पंगती उठत आणि बसत. कुणाला आठवण झाली तर ताट यायचं, नाही तर नाही. माणसं माझ्याजवळ येत ती दोनच कारणांनी, आवाज वाढवा म्हणायला किंवा आवाज कमी करा म्हणायला.

माझाही स्वभाव काही गोड नव्हता. राग नाकावर. आईवडील गेलेले, थोरला भाऊ नगरला त्याच्या संसारात, आणि आमचं एकमेकांशी जमत नव्हतं. लोकांत मिसळायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कुलूप बसे. इतक्या लोकांचा आवाज चार शिवारांत नेणारा मी, पण माईकवर मला 'हॅलो, हॅलो'च्या पुढे एक शब्द बोलता येत नसे. तेवढं म्हणूनही हाताला घाम यायचा.

आणि आमच्या भागातल्या लग्नात बोलण्याला तर फार महत्त्व. अक्षता पडल्या की मानपान सुरू होतो. व्याही, मामा, चुलते, पोलीस पाटील, सरपंच, सोसायटीचे चेअरमन, असं एकेकाला पुढे बोलावून टॉवेल-टोपी द्यायची, अगदी मानाचा असेल त्याला फेटा बांधायचा. हे सगळं नाव पुकारून करायचं. ज्याला मान द्यायचा त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, गाव, आणि ज्याच्या हातून मान द्यायचा त्याचंही नाव. लाऊडस्पीकर येण्याआधी हा पुकारा मांडवापुरताच होता. माझे कर्णे आल्यापासून तो ओढ्यापलीकडच्या वस्त्यांवरही ऐकू जाऊ लागला. त्यामुळे मान वाढला, आणि रुसवे तर विचारूच नका.

असाच एक रुसवा झाला आणि मला माझा भागीदार भेटला. शेवगावपासून बैलगाडीच्या अंतरावरचं गाव होतं. मुलीकडच्यांचा एक कॉलेजात शिकणारा पुतण्या नावं पुकारत होता. मुलगा हुशार, शब्द शुद्ध, पण सोयरीक त्याला ठाऊक नव्हती. त्याने नवऱ्या मुलाच्या मामाच्या आधी चेअरमनचं नाव घेतलं, मग तलाठ्याचं, मग मास्तरचं. मामा उठला. त्याच्या मागे त्याचं सगळं गाव उठलं. बाहेर गाड्यांना बैल जुंपायला सुरुवात झाली. पुतण्या घाबरून म्हणाला, "मी नाव घेतलं होतं, मशीननंच खाल्लं." झालं, सगळा मांडव माझ्यावर उलटला. एकाने तर बॅटरीची वायरच उपटली.

तेवढ्यात मांडवाचा मालक पुढे आला. म्हणजे ज्याचे बांबू, वासे, कनाती आणि गॅसबत्त्या भाड्याने आणल्या होत्या तो माणूस. चाळिशीचा, काटकुळा, डोक्यावर विटकी टोपी. लोक त्याला मामाच म्हणत, आणि पुढे मीही म्हणायला लागलो. त्याने वायर माझ्या हातात देऊन मला डोळ्यानेच 'लाव' म्हटलं, माईक बाहीला पुसला आणि ज्या आवाजात पुकारलं तो आवाज मी आजवर विसरलेलो नाही.

"बैल सोडा, पाव्हनं! मामांचं नाव इसरलं न्हाई, मुद्दाम मागं ठिवलं. टोप्या आदी अन् फेटा सगळ्यात शेवटी बांधत्यात. मानाचं काम घाईनं हुतं व्हय?"

असा काही नियम नव्हता. त्याने तो तिथेच उभ्या उभ्या काढला होता. नवऱ्या मुलाचा मामा गाडीजवळच थबकला. मांडववाल्याने त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि गावच्या देवाचं नाव घेतलं, आणि मुलीच्या चुलत्याच्या डोक्यावरचा फेटा उतरवून मामाच्या डोक्याला बांधायला लावला. मामा हसला. बैल सुटले. माझा जीव भांड्यात पडला.

नंतर तो येऊन माझ्या पोत्यावर बसला. "जेवलास का?" त्याने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. "चल, घरच्यांबरुबर शेवटच्या पंगतीला बसू. मांडववाल्याला अन् स्पीकरवाल्याला पाव्हन्यांत कोन बशिवतंय?"

जेवताना त्याने मला भागीत येण्याचं विचारलं. त्याचं बोलणं सरळ होतं. "लगीन ठरलं की मानूस आदी माझ्याकडं येतो. वासं न्हाईत तर मांडव न्हाई. स्पीकरची आठवन त्याला हुती लग्नाच्या आदल्या दिवशी. तवर तू दुसरीकडं गेल्याला, न्हाईतर खोलीत निजल्याला. आपुन सुपारी एकच घिऊ. मांडव, बत्त्या, स्पीकर, समदं एकदम. काय म्हनतो?"

सुपारी म्हणजे कामाचा शब्द. हातावर सुपारी ठेवली की ती तारीख पक्की. मी नाक फुगवून विचारलं, "माझा फायदा कळला. तुमचा काय?"

"मला बोलाया मिळंल," तो म्हणाला, आणि भातावर आमटी ओतून घेतली.

त्यातलं मला तेव्हा एकच कळलं, की हा माणूस बोलायला हपापलेला आहे. एकट्या माणसाला धंद्यात कुणाची जोड मिळाली की काय होतं, ते हळूहळू कळत गेलं. आधी मी कामाची वाट बघत बसे. आता त्याच्या ओसरीवर ठरलेलं प्रत्येक लग्न आपोआप माझंही होऊ लागलं. पूर्वी दोन गावांची बोलावणी एकाच दिवशी आली की मी दोघांनाही नाराज करत असे. तो एकाला तारीख सरकवायला लावी, दुसऱ्याला गोड बोलून थांबवी, आणि दोन्ही घरचे वर त्याचे आभार मानत. गाडी एकच लागे. त्याच्या वाशांवर माझे कर्णे बांधायचे, मध्ये कनातींच्या गठ्ठ्यावर बॅटरी ठेवायची, म्हणजे हिसका बसत नाही. पैसे मागायची मला भारी लाज होती. ते काम त्याच्याकडे गेलं आणि मला रात्री झोप लागायला लागली.

माझ्याकडून त्यालाही मिळालं. मांडव घालताना मी तबकडी लावून ठेवायचो. गाणं सुरू झालं की अर्धं गाव गोळा होई आणि बघता बघता वासे धरायला हात मिळत. त्याच्या गॅसबत्त्यांची मी देखभाल करू लागलो, जिथे वीज पोचली होती तिथे बल्बच्या माळा लावू लागलो. शेजारच्या बाजारगावातल्या मांडववाल्याकडे कनाती नव्या होत्या, पण स्पीकर नव्हता. लोक आमच्याकडे येत. आणि मानपानाचं पुकारणं तर त्याच्याइतकं कुणालाच जमत नव्हतं. पंचक्रोशीतली सोयरीक त्याच्या जिभेवर होती. कोण कुणाचा साडू, कुणाचं कुणाशी जमत नाही म्हणून नावं लागोपाठ घ्यायची नाहीत, कोणत्या म्हाताऱ्याला 'पाटील' म्हटलेलं आवडतं. तो पुकारायचा आणि मी आवाजाचं बटण धरून बसायचो. नगरला कुणाच्या तरी तोंडून त्याने 'पार्टनर' हा शब्द ऐकला होता. तेव्हापासून तो मला त्याच नावाने हाक मारायचा, चारचौघांत जरा जास्तच मोठ्याने.

आमचं भांडणही होई. म्हणजे मी भांडायचो. तो मला न विचारता माईक कुणाच्याही हातात देई. एकदा तर त्याने एका आजीबाईंना ओव्या म्हणायला दिला आणि त्या थांबेचनात. बॅटरी उतरली. मी रागाने आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. त्याला पत्ताच नव्हता. आठव्या दिवशी त्याने विचारलं, "घसा बसलाय व्हय तुझा?"

तरी एकटेपणा गेला असं मी म्हणणार नाही. लग्न उरकलं की तो गाडी हाकत आपल्या घरी जाई. घरी बायको, चार मुली. मला तो रोज बोलवी आणि मी काहीतरी निमित्त सांगून खोलीकडे वळे. कुणाच्या भरल्या घरात बसून परत यायचं, याची मला धास्ती वाटे. खोलीत शिरलं की कानात दिवसभरची नावं वाजत राहायची. तालुक्यातलं बहुतेक प्रत्येक नाव माझ्या कर्ण्यांतून गेलं होतं. माझं गेलं नव्हतं. जायचं कारणच नव्हतं, मी कुणाचा सोयरा नव्हतो, कुणाचा भाऊबंद नव्हतो. पण माणसाचं मन कारणं विचारत नाही. कुणीतरी एकदा, वडिलांच्या नावासकट, आपल्याला मांडवात पुढे बोलवावं, असं मला फार वाटायचं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखंही नव्हतं, पंचविशी उलटलेल्या माणसाने टोपीसाठी झुरायचं म्हणजे काय!

मग दुष्काळ पडला. एक वर्ष पाऊस नव्हता, दुसऱ्या वर्षीही नव्हता. लग्नं लोकांनी पुढे ढकलली, आणि ज्यांची झाली त्यांनी देवळात चार माणसांत उरकली. मांडवाला कुणी विचारेना, मग स्पीकरला कोण विचारतो. एकटा असतो तर मी सेट विकून टाकला असता. गिऱ्हाइकही आलं होतं. मामा म्हणाला, "इकू नगं. बघू काहीतरी."

त्याने पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर सावलीचं काम मिळवलं. बाया माती वाहत, खडी फोडत, आणि त्यांची तान्ही पोरं उन्हात पडलेली असत. त्यांच्यासाठी आमच्या कनाती आणि ताडपत्र्या लागल्या. त्यात माझ्या यंत्राचा काडीचा उपयोग नव्हता, पण त्याने मला मोकळं सोडलं नाही. "भागी हाय ना? मग धर वासा," म्हणाला. खड्डा किती खोल घ्यायचा, वाऱ्याच्या बाजूला दोर कसा ताणायचा, सुंभाची गाठ कशी मारायची की ओढलं की घट्ट आणि झटकलं की सुटली, हे सगळं मी त्या मैदानावर शिकलो. कामावर वाटत ती पौष्टिक पिठाची सुकडी आम्ही एका फडक्यावर बसून खाल्ली. माझा धंदा पार झोपला होता आणि त्याच्या धंद्यावर मी जगत होतो. पुढे एखादं साल उलटं येईल तेव्हा माझ्यावर तो जगेल, एवढाच आमचा करार होता, आणि तोही कधी कुणी बोलून दाखवला नव्हता. ते माझे सगळ्यात वाईट दिवस असायला हवे होते. पण संध्याकाळी काम सुटल्यावर तो कोरड्या तलावाच्या भरावावर उभा राहून, माईकशिवाय, नुसत्या तोंडाने, तिथल्या बायामाणसांची नावं मानपानासारखी पुकारायचा, आणि दमलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही हसायचो.

पाऊस आला, शेतं उभी राहिली, आणि अडून बसलेली लग्नं एकदम सुटली. त्याच हंगामात त्याच्या थोरल्या मुलीचं ठरलं. आणि त्याच हंगामात नगरच्या एका दुकानदाराने मला बोलावलं.

त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. मी सुटे भाग तिथूनच आणायचो. त्याने चार नवे सेट घेतले होते आणि त्यांची निगा राखायला माणूस हवा होता. महिन्याचा पगार, दुकानामागे राहायला खोली, शहरातल्या सभा, हॉल, कार्यक्रम. झाडावर चढायला नको, बैलगाडी नको. "लग्नसराई संपायच्या आत सांगा," तो म्हणाला.

मी मामाला काही बोललो नाही. खरं सांगायचं तर पगाराची मला भुरळ पडली नव्हती. मला कळत नव्हतं ते एवढंच, की इथे मी कुणाचा कोण आहे. पार्टनर म्हणजे वासे आणि वायरी यांच्यातलं नातं की आणखी काही? हे विचारायचं कसं? शेवटी मी मनाशी एक वेडगळ गोष्ट ठरवली. त्याच्या मुलीच्या लग्नात मानपानाच्या वेळी माझं नाव पुकारलं गेलं, तर राहायचं. नाही तर नगरला जायचं. त्याच्या तोंडून एकदा नाव आलं की मला आयुष्यभर पुरलं असतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही मांडव घालत होतो. स्वतःच्या मुलीचा मांडव म्हणून तो प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघत होता. मध्येच थांबून म्हणाला, "उद्या नावं तू पुकारायची, पार्टनर."

"मी?" माझ्या हातातला दोर सुटला. "मला नाही जमणार. तुम्हीच पुकारा."

"येडा का काय? मी पोरीचा बाप. बापानं मांडवात हात जोडून फिरायचं असतं, बोलायचं नसतं. अन् दुसऱ्या कुनाला दिऊ? तू इतकी वर्सं माझ्या बाजूला बसून ऐकलंयस. माझी समदी सोयरीक तुला पाठ हाय."

ती पाठ होती हे खरंच. पण मला हसू आलं आणि आतून काहीतरी खचलं. पुकारणारा मीच, म्हणजे माझं नाव घेणार कोण? पुकारणारा स्वतःला कधी पुढे बोलवत नाही. मी मनातल्या मनात नगरची खोली पाहून घेतली. ठरलं, जायचं. त्याला लग्नानंतर सांगू.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्षता पडल्या. मी माईक हातात घेतला. पाठ वाशाला टेकवली. पहिलं नाव व्याह्यांचं होतं. ते माझ्या तोंडून निघालं, कर्ण्यांतून गेलं आणि समोरच्या टेकडीवर आपटून परत आलं. आवाज माझाच होता आणि बरा होता. मग मी थांबलो नाही. मुलाचा मामा, चुलते, आत्याचे यजमान, पाटील, सरपंच. ज्यांचं एकमेकांशी जमत नव्हतं त्यांच्यामध्ये मी तिसरं नाव घातलं. ज्या म्हाताऱ्याला पाटील म्हटलेलं आवडे त्याला पाटील म्हटलं. लोक माना डोलावत होते. पार नगर, पारनेरकडून आलेल्या पाहुण्यांचं एकही नाव चुकलं नाही.

पुकारता पुकारता मी मामाकडे बघत होतो. नवं धोतर नेसून, तीच विटकी टोपी घालून तो हात जोडत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता. कुणाला पाणी, कुणाला सतरंजी. आणि एकदम माझ्या लक्षात आलं, की याचंही नाव कधी कुणी पुकारलेलं नाही. इतक्या मांडवांत इतक्या लोकांना याने मान दिला आणि प्रत्येक वेळी माईक याच्याच हातात होता. याच्या डोक्यावर कुणी टोपी ठेवली नव्हती. मी माझ्याच नावाचं रडगाणं गात बसलो होतो, आणि माझ्याशेजारचा माणूसही त्याच रांगेत उभा होता. मला भडभडून आलं.

शेवटचं नाव झालं. लोक पंगतीसाठी उठू लागले. "थांबा," मी म्हणालो. कर्ण्यांतून तो शब्द इतक्या मोठ्याने गेला की उठलेले लोक खाली बसले. मग मी मामाचं नाव पुकारलं. त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, गाव. मांडवात पुढे यावं, अशी विनंती केली.

मांडवात कुजबुज उठली. मुलीच्या बापाला, त्याच्याच मांडवात, मान? असं कुणी करत नाही. यजमान मान देतो, घेत नाही. मुलाकडचा एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "ह्ये काय इपरीत?" कुणीतरी हसलं. मामा हातातला पाण्याचा तांब्या घेऊन जागच्या जागी उभा राहिला. आणि माझं तर अर्धंच वाक्य झालं होतं. मान कुणाच्या हातून, ते सांगायचं राहिलं होतं. एका टोपीला दोन नावं लागतात.

मी माझं नाव घेतलं. वडिलांचंही घेतलं. वडील जाऊन इतकी वर्षं झाली होती, आणि त्यांचं नाव टेकडीवरून परत माझ्याकडे आलं. माईक खाली ठेवून मी ताटातली उरलेली टोपी उचलली आणि चालत त्याच्यापर्यंत गेलो.

त्याने आपली विटकी टोपी काढून काखेत धरली आणि मान वाकवली. मी नवी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. त्याचे डोळे भरले होते. मला म्हणायचं होतं, मामा, मी कुठे जात नाही. पण आधी तोच बोलला, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात.

"नगरला कवा निघालास?"

त्याच्या खांद्यावरचा टॉवेल मी उगाच सारखा केला.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "बत्त्यांचं सामान आनाया गेल्तो तवा दुकानदारानंच सांगितलं. म्या वाट बघत हुतो, तू कवा बोलशील म्हनून. न सांगता गेला असतास तर लई लागलं असतं. असं चारचौघांत मान दिऊन सांगितलंस, झ्याक केलंस. जा. एवढ्या मोठ्या कामाला न्हाई म्हनू नये."

त्याला तो निरोप वाटला होता. मी त्याला माझा म्हणत होतो आणि तो मला वाटेला लावत होता. माझा हात त्याने दोन्ही हातांत घट्ट धरला होता. मागून व्याही त्याला हाका मारत होते, पानं मांडली जात होती, आणि तो माझ्या उत्तरासाठी थांबला होता.

"पुढच्या आठवड्यात," मी म्हणालो.

हे शब्द माझ्या तोंडून का आले, ते मला अजूनही सांगता येत नाही. माझा मान, माझा हट्ट, की इतक्या मोठ्या मनाने दिलेली परवानगी परत कशी करायची याचा संकोच. कदाचित सगळंच. तो मान हलवत राहिला, डोळे पुसले, आणि मग थोडं हसून म्हणाला, "घरच्या मानसाचं नाव कोन पुकारत न्हाई बघ. म्हनून मी तुझं कवा घेतलं न्हाई. आता घ्याया हरकत न्हाई. आता तू पाव्हना." आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवून मला पहिल्या पंगतीत, व्याह्यांच्या शेजारी नेऊन बसवलं.

वाढायला तो स्वतः आला. पाहुण्याला करतात तसा आग्रह करून त्याने मला वाढलं. आणखी एक घ्या म्हणाला. तोवर तो मला कधी अहो-जाहो बोलला नव्हता. 'मी जात नाही' एवढं म्हणायला तेव्हाही वेळ होता. मी पानावर हात आडवा धरला आणि पुरे म्हणालो.